साडेपाचला थांबणारं रेकॉर्डिंग

१९६८ च्या जानेवारीत कलकत्त्याहून मुंबईला आगगाडीने एक जडशीळ यंत्र आलं. दोन ट्रॅकवर स्टिरिओ मुद्रण करणारा टेपरेकॉर्डर. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या, म्हणजे आपल्या एचएमव्हीच्या मुंबई स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो यंत्र होतं, आणि तिथे कामाला येणारा पाहुणा लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत तयार झालेला. कंपनीचे तरुण अधिकारी भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी ते यंत्र खास मागवून घेतलं. पाहुण्याचं नाव जॉर्ज हॅरिसन, वय वर्षं चोवीस, व्यवसाय बीटल.

स्टुडिओ फोर्टमध्ये होता, फिरोजशहा मेहता रस्त्यावर. खाली कंपनीच्या कचेऱ्या आणि वर स्टुडिओ. बाहेरचा आवाज आत येऊ नये अशी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. हॅरिसनने नंतर मुलाखतींत सांगितलं की नीट कान दिला तर त्या मुद्रणांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटत, माणसं धाडधाड जिना उतरत, आणि तेवढा वेळ रेकॉर्डिंग थांबवावं लागे. सरोदवाला, संतूरवाला, सनईवाले हात आवरून बसत, कारकून घरी जात, मग पुन्हा सुरुवात होई. चर्चगेट आणि व्हीटीच्या गाड्या पकडायला निघालेल्या त्या नोकरदारांपैकी किती जणांना आपण कोणाचं गाणं अडवून धरलंय याचा पत्ता होता, देव जाणे.

काम होतं एका सिनेमाचं. जो मॅसो या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाला संगीत देण्याचं हॅरिसनने कबूल केलं होतं. तू जे देशील ते वापरीन, असं मॅसोने त्याला सांगितलेलं. हॅरिसन स्टॉपवॉच घेऊन चित्रपट बघत बसला, कुठल्या प्रसंगाला किती सेकंद लागतात ते टिपलं आणि त्या मापाचे तुकडे करून घेतले. काही लंडनला, बरेचसे मुंबईत. दोनच ट्रॅक असल्यामुळे आधी वाजवा, मागून आवाज कमीजास्त करू, अशी सोय नव्हती. वादन चालू असतानाच सगळा तोल जमवायचा. अ‍ॅबी रोडला जास्त ट्रॅकची चैन करायची सवय लागलेल्या माणसाला या पद्धतीत मजा आली. आपल्याकडच्या वादकांना मात्र त्यात नवं काहीच नव्हतं. मुंबईच्या सिनेमाची गाणी त्या काळी अशीच व्हायची, शंभर माणसं एका दमात.

या कामातून ‘वंडरवॉल म्युझिक’ नावाची एलपी निघाली, १ नोव्हेंबर १९६८ ला. बीटल्सपैकी एकट्याने काढलेली ही पहिली एलपी, आणि त्यांच्या स्वतःच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीचीही पहिलीच. म्हणजे लिव्हरपूलच्या त्या चौघांच्या धंद्याचा एक मोठा नवा अध्याय बऱ्याच अंशी आपल्या फोर्टात वाजवला गेला. एलपीच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावं छापली आहेत. सरोदवर आशिष खान, तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्रा, सतारीवर शंभू दास आणि इतर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड, सनईवर शरद आणि हनुमान. नावं आहेत हे खरं, पण छापणाऱ्याने कानाला वाटलं तसं लिहिलेलं दिसतं. संतूर वाजवणाऱ्या शिवकुमारांच्या ‘शर्मा’ला शेवटी एक ‘र’ चिकटला आहे. हनुमान यांचं आडनाव असं काही छापलंय की मराठी वाचक ते मनातल्या मनात ‘जाधव’ असं दुरुस्त करूनच वाचतो.

शिवकुमार शर्मा तोवर काही अनोळखी नव्हते. १९६७ मध्ये त्यांनी, हरिप्रसाद चौरसियांनी आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरांनी मिळून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी केली होती. ती एचएमव्हीत घडवून आणणारे ग. ना. जोशी, म्हणजे मराठी भावगीताचं पहिलं पान लिहिणारे. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ १९३० च्या दशकात त्यांनी तबकडीवर आणली, आणि पुढे कंपनीत अधिकारी होऊन दुसऱ्यांचा आवाज टिपण्यात आयुष्य घातलं. हॅरिसन मुंबईत आला तो अशा तयार घरात. वादक होते, शास्त्रीय आणि सिनेमाचं दोन्ही अंगांनी वाजवणारे. रेकॉर्डिंगची शिस्त होती. नव्हतं ते फक्त स्टिरिओ यंत्र.

हा मुलगा इथवर आला कसा, यासाठी दोन-तीन वर्षं मागे जावं लागतं.

१९६५ च्या शरदात ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात हॅरिसनने सतार वाजवली. वाजवली म्हणण्यापेक्षा छेडली म्हणावं, कारण तोवर त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. सतारीची तार तुटली तेव्हा लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलकडे निरोप गेला. ही संस्था कन्नड मुलखातून विलायतेत गेलेले आयाना अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ मध्ये काढलेली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन तिचे अध्यक्ष. लंडनमध्ये कुणाला सतार-तबलावाला हवा असला की अंगडींचं दार ठोठवायचं, असा तो रिवाज होता. १९६६ च्या जूनमध्ये हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांची गाठ पडली तीही अंगडींच्या घरी.

त्याच वर्षी ११ एप्रिलला अंगडींचा फोन अनिल भागवत नावाच्या तबलजींना गेला. आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचं आहे. कोण जॉर्ज, हे अंगडींनी सांगितलं नाही. भागवतांना उलगडा झाला तो दाराशी रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा. अ‍ॅबी रोडच्या बाहेर पोरींचा घोळका थर्मास आणि सँडविच घेऊन बीटल्सची वाट बघत बसलेला. आत हॅरिसनने त्यांच्याबरोबर तबला सुरात लावून घेतला, सोळा मात्रांत रविशंकरांच्या धर्तीचं काहीतरी वाजवा म्हणाला, पण बाकी तुमच्या मनाने, असंही म्हणाला. गाणं होतं ‘लव्ह यू टू’, आणि ऑगस्टमध्ये आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या एलपीच्या वेष्टनावर छापून आलं: अनिल भागवत, तबला.

ही हकीकत आपल्याला कळते ती मार्क लेविसन या संशोधकामुळे. ईएमआय कंपनीने त्याला अ‍ॅबी रोडच्या कपाटांतल्या मूळ टेप ऐकू दिल्या, आणि १९८८ मध्ये त्याने बीटल्सच्या प्रत्येक रेकॉर्डिंगची दिवसवार नोंद करणारं पुस्तक काढलं. त्या कामात त्याने भागवतांनाही गाठलं. बावीस वर्षांनी बोलताना भागवतांना सगळ्यांत जास्त कौतुक होतं ते वेष्टनावरच्या आपल्या नावाचं. ते कौतुक फुकाचं नव्हतं. बाहेरून आलेल्या वादकाचं नाव बीटल्सच्या तबकडीवर छापलं जाणं हे तेव्हा नवलच होतं. त्याच गाण्यात सतारीवर खुद्द हॅरिसन आहे की सर्कलमधून आलेला आणखी कोणी, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्या दुसऱ्या माणसाचं नाव कुणी छापलंच नाही, मग भांडण मिटणार कसं?

२०२२ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ची विस्तारित आवृत्ती निघाली, तिच्यात ‘लव्ह यू टू’चे आधीचे टेक आहेत. पहिल्या टेकमध्ये सतारही नाही, तबलाही नाही. हॅरिसन गिटार घेऊन साधं गाणं म्हणतो आहे. पुढचे टेक ऐकत गेलं की गाण्याने रस्ता कुठे बदलला ते स्पष्ट कळतं. कुठल्याही चरित्रात हे असं मिळत नाही, कारण चरित्रकार आठवणींवर चालतो आणि टेपला आठवण सजवून सांगता येत नाही.

१९६६ च्या सप्टेंबरात हॅरिसन आणि त्याची पत्नी पॅटी मुंबईत उतरले, ताजमहाल हॉटेलात ‘सॅम वेल्स’ या खोट्या नावाने. ओळख लपली नाही. हॉटेलखाली पोरांची गर्दी झाली, वर्तमानपत्रवाले आले, शेवटी त्याला पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं की मी बीटल म्हणून आलेलो नाही, शिकायला आलोय, माझी पाठ सोडा. रविशंकर शिकवत, त्यांचे शिष्य शंभू दास रियाज करून घेत. पुढे मंडळी काश्मीरकडे गेली. हेच शंभू दास सव्वा वर्षाने ‘वंडरवॉल’च्या वादकांत दिसतात.

मधल्या काळात झालं ‘सार्जंट पेपर’.

१५ मार्च १९६७ ला अ‍ॅबी रोडच्या दुसऱ्या स्टुडिओत गालिचा अंथरला गेला, उदबत्त्या लागल्या. ‘विदिन यू विदाउट यू’ या हॅरिसनच्या गाण्यात बाकीच्या तिघा बीटल्सपैकी एकही जण नाही. आहेत ते सर्कलकडून आलेले भारतीय वादक, आणि मागाहून जोडलेली व्हायोलिन आणि चेलो. एलपी आली, जगभर गाजली. तिचं वेष्टन तर चित्रकलेच्या पुस्तकांत जाऊन बसलं. पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ यांनी रचलेल्या त्या गर्दीत मर्लिन मन्रो आहे, कार्ल मार्क्स आहे आणि हॅरिसनच्या आग्रहाने चार भारतीय योगीही आहेत: महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, युक्तेश्वर गिरी, परमहंस योगानंद. गांधीजीही होते. भारतात राग येईल आणि धंद्याला फटका बसेल या धास्तीने ईएमआयचे प्रमुख जोसेफ लॉकवुड यांनी त्यांना काढायला लावलं. इतक्या चेहऱ्यांच्या त्या वेष्टनावर, ज्यांनी आत प्रत्यक्ष दिलरुबा आणि तबला वाजवला त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं.

ते पुढे आलं पन्नास वर्षांनी. २०१७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या सत्रातल्या चौघांचा माग काढला: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कनसारा, तबल्यावर नटवर सोनी. चौघेही लंडनमध्ये राहून वाजवणारे. त्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’च्या सुवर्णमहोत्सवी संचात दोन नवे तुकडे बाहेर आले. एकात फक्त भारतीय वाद्यांचा पहिला टेक आहे. दुसऱ्यात हॅरिसन वादकांना चाल समजावून सांगतो. तो तुकडा जरूर ऐकावा. स्वरलिपीचे कागद नाहीत; आपल्याकडचे गुरुजी देतात तसा तो गाऊन दाखवतो आणि समोरचे उचलतात. सतारीची तार मागायला माणूस धाडणारा तो पोरगा सतरा महिन्यांत कुठवर पोचला होता, हे त्या काही मिनिटांत समजतं. समोर बसून ते उचलणारे किती तयार होते, तेही समजतं, आणि हे दुसरं कुठल्याच पुस्तकात पुरेसं आलेलं नाही.

२०१७ हेच साल आपल्या पुणे जिल्ह्यातल्या एका वेगळ्या ध्वनिसंग्रहाचंही आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावं, गाणाऱ्या तीन हजारांहून जास्त. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. शिरूर तालुक्यातलं सविंदणे हे त्यांतलंच एक गाव. २०१७ च्या मार्चपासून पारी हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांसमोर आणू लागलं. या संग्रहाची शिस्त अशी की प्रत्येक ओवीपुढे बाईचं नाव, गाव, तालुका. भीमेच्या काठाला मांडवगण फराट्यासारख्या गावात पहाटे जातं ओढणाऱ्या बाईला कुणी कलावंत म्हटलं नव्हतं, आणि तरी कागद तिचं नाव नीट लिहितो. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत बँडच्या कागदाला ते साधलं नाही. दोष एकट्या बीटल्सचा मानू नये. ओव्या गोळा करणाऱ्यांचा सगळा जीवच कोण गातंय यात होता. तबकडी कंपनीचा जीव कोणाच्या नावावर खपेल यात.

मुंबईत तर हा धंद्याचा नियमच होता. सिनेमाच्या स्टुडिओतला वादक शिफ्टवर यायचा, वाजवायचा, पैसे घ्यायचा, दुसऱ्या शिफ्टला दुसरा स्टुडिओ गाठायचा. पडद्यावर संगीतकाराचं नाव, फार तर सहायकाचं. ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये या वादकांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी कावस, केर्सी आणि बुर्जोर लॉर्ड या पारशी वादक घराण्यावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट केला, तेव्हा कुठे त्या पडद्यामागच्या माणसांना चेहरे मिळाले. मराठी श्रोताही काही वेगळा नव्हता. ‘गीतरामायण’ म्हटलं की गदिमा आणि बाबूजी तोंडावर येतात; त्यात व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते हे सांगावं लागतं. जोगांनी स्वतः आत्मचरित्र लिहिलं म्हणून बरं. फिरोजशहा मेहता रस्त्यावर जमलेल्यांपैकी रिजराम देसाड हे या सिनेमा-दुनियेतले जाणते वादक. अनेक वाद्यं हाताळणारा असा माणूस प्रत्येक अरेंजरला हवा असे.

आता पुन्हा त्या स्टुडिओत जाऊ, कारण खरा ऐवज तिथेच आहे.

सिनेमाचं काम आटोपल्यावर हॅरिसनने हाताशी वादक आहेत आणि वेळ आहे हे बघून आणखी काही वाजवून घेतलं. त्यातल्या एका तुकड्याची सुरुवात पखवाजाच्या ठेक्यावर सनई आणि सरोदच्या घाईघाईच्या गतीने होते, मग लय एकदम उतरते आणि बासरी व हार्मोनियम पुढे येतात. पुन्हा घाई, पुन्हा संथ. हा तुकडा हॅरिसन लंडनला घेऊन गेला. केंब्रिजचे संस्कृत अभ्यासक हुआन मास्कारो यांनी त्याला पत्र लिहून ताओ ते चिंगमधल्या एका अध्यायाला चाल लावायला सुचवलं होतं. ते शब्द त्याने यावर बसवले. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अ‍ॅबी रोडला आवाज मुद्रित झाला, शेवटी लेनन आणि मॅकार्टनी यांनी साथ दिली. १५ मार्च १९६८ ला ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ निघालं. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर आलेलं हे हॅरिसनचं पहिलं गाणं, आणि त्यात एकही विलायती वाद्य नाही. जी गावं लग्नात सनई-चौघडा ऐकत होती, त्यांच्याच महाराष्ट्रात वाजलेली सनई त्या वसंतात इंग्लंडच्या घराघरांतल्या रेकॉर्ड प्लेयरवर फिरत होती. इकडे कुणाला पत्ता नाही, तिकडे कुणाला वादकांची नावं ठाऊक नाहीत. सिंगलच्या कागदी पाकिटावर ती छापण्याची पद्धतही नव्हती. आज छापल्या जाणाऱ्या याद्यांत बासरीपुढे हरिप्रसाद चौरसियांचं नाव असतं. ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर केंकऱ्यांचं.

२०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ नव्याने निघालं तेव्हा ‘इनर लाइट’चा वेगळा टेक त्यात घातला गेला. २०१८ मध्ये ‘व्हाइट अल्बम’च्या पन्नाशीच्या संचात त्याचा सहावा टेक आला, बिनशब्दांचा. गाण्याचा आवाज काढून टाकला की त्या खोलीतली हवा ऐकू येते. वादक एकमेकांकडे बघून सम गाठतात हे कळतं. सहावा टेक उपलब्ध आहे याचा अर्थ आधी पाच झाले होते. म्हणजे ही मंडळी सहज बसून एक धून वाजवून उठली नव्हती, त्यांनी ती घासून घेतली होती.

माहितीपटांनी या बाजूला काय दिलं? कॅमेऱ्याला चेहरा लागतो आणि चेहरे चारच. मायकेल लिंडसे-हॉग यांनी १९६९ च्या जानेवारीत बीटल्सच्या तालमींचं चित्रण केलं. साठ तासांच्या आसपास फिल्म आणि दीडशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण. त्यातून १९७० मध्ये ‘लेट इट बी’ हा चित्रपट निघाला, आणि लोकांनी त्यात फक्त फाटलेल्या मैत्रीची गोष्ट पाहिली. उरलेला ऐवज कपाटात. ध्वनिफितींपैकी पाचशेच्या आसपास चोरीला गेल्या आणि २००३ मध्ये पोलिसांना नेदरलँडमध्ये सापडल्या. पुढे पीटर जॅक्सन यांनी त्याच साठ्यातून ‘गेट बॅक’ हा जवळपास आठ तासांचा माहितीपट केला, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये. एका फितीवर मिसळून गेलेले आवाज यंत्राकडून वेगळे करून घेण्याची रीत त्यांच्या चमूने त्यासाठी बसवली, आणि गिटारच्या खडखडाटाखाली दडलेली कुजबुज पन्नास वर्षांनी वर आली. लिंडसे-हॉगने तर उपाहारगृहात फुलदाणीत माइक लपवला होता. हॅरिसन बँड सोडून निघून गेल्यावर लेनन आणि मॅकार्टनी त्याच्याबद्दल खासगीत काय बोलले, ते त्या फुलदाणीने ऐकलं. ही चोरीच, पण इतिहासाच्या कामाला आली.

त्याच माहितीपटात एक जागा आहे. ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात आदल्या वर्षी आपणच काढलेली फिल्म काल रात्री पाहिली, असं मॅकार्टनी सांगतो, आणि आपण तिथे वेगळेच कोणी असल्याचं सोंग केलं अशा सुरात थट्टा करतो. जॅक्सन मधेमधे ती मूळ फिल्म दाखवतात: नदी, माकडं, हार घातलेले बीटल्स. हॅरिसनचा चेहरा बघण्यासारखा आहे. त्याच्या दृष्टीने ती थट्टेची गोष्ट नव्हती. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा २०११ मधला हॅरिसनवरचा माहितीपट, पॉल सॉल्ट्झमन यांचा २०२० मधला आणि अजय बोस व पीटर कॉम्पटन यांचा ‘द बीटल्स अँड इंडिया’ हा २०२१ मधला, या सगळ्यांत भारत ठळक आहे. बोस यांच्या चित्रपटाने तर भारतीय माणसांना बोलतं केलं, हा त्याचा मोठा गुण. पण एकूण माहितीपटांचं वजन ऋषिकेशच्या पारड्यात पडतं. तिथे बीटल्स चौघे होते, महर्षी होते, भांडण होतं, गंगा होती. फिरोजशहा मेहता रस्त्यावर काम होतं, आणि कामाचा सिनेमा फारसा होत नाही. ऋषिकेशच्या ऋणाच्या गोष्टी भरपूर लिहिल्या गेल्या. मुंबईचं ऋण रोख आणि मोजता येण्याजोगं आहे, एका एलपीचा मोठा भाग आणि एक गाणं, तरी ते तळटीपेत राहतं.

मुंबईच्या वादकांना हॅरिसन विसरला नाही, हेही सांगायला हवं. १९७४ मध्ये त्याने रविशंकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय वादकांचा मोठा ताफा युरोपात नेला. त्यात शिवकुमार शर्मा होते, हरिप्रसाद चौरसिया होते, अल्लारखा, लक्ष्मी शंकर, सुलतान खान, व्हायोलिनवर सत्यदेव पवार, आणि पुन्हा एकदा रिजराम देसाड. २३ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला आणि तो चित्रित केला गेला. ती फिल्म लोकांपर्यंत पोचायला २०१० साल उजाडलं. रविशंकरांच्या नव्वदीनिमित्त ‘कोलॅबरेशन्स’ हा संच निघाला, त्यात ती डीव्हीडीवर आली. सहा वर्षांपूर्वी टॅक्सींच्या आवाजात आणि कचेरीच्या वेळा सांभाळून मुंबईत जे वाजवत होते, त्यांच्यातले काही जण तिथे राजेशाही सभागृहात कॅमेऱ्यासमोर वाजवताना दिसतात. ‘इनर लाइट’ ऐकून कुतूहल वाटलेल्याने पहिल्यांदा ही फिल्म पाहावी. ऐकलेल्या हातांना त्यात चेहरा मिळतो.

मुंबईत रॉकवाल्यांनी भरलेली टेप ही एवढी एकच नव्हती. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात उसन्या वाद्यांवर वाजवून त्यांनी तिथल्या पोरांना थक्क केलं, ही गोष्ट त्या पिढीतले लोक अजून रंगवून सांगतात. त्या मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. प्रयोग त्यांना पुरता जमला असं वाटलं नसावं, कारण ती त्या वेळी बाहेर काढलीच नाहीत. चोरट्या तबकड्यांवर मात्र ती वर्षानुवर्षं फिरत होती. अधिकृतपणे निघाली २०१५ मध्ये, ‘कोडा’ या एलपीच्या वाढीव आवृत्तीत, त्रेचाळीस वर्षांनी. ‘फोर स्टिक्स’ला तिथे ‘फोर हँड्स’ असं नाव दिलंय. तबला आणि तंतुवाद्यांचा ताफा त्या आडमुठ्या विलायती तालाशी दोन हात करताना ऐकू येतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कित्येक ठिकाणी ताफाच जिंकतो. त्या वादकांची ओळख तिथे एका शब्दजोडीत उरकली आहे: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.